पतंगातून उलगडलेले उड्डाणशास्त्र

साधा कागदी पतंग, एक लाकडी काठी, मागे शेपटी आणि पुढे सरकवता येईल असे छोटे वजन. १८०४ मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील ब्रॉम्प्टन या खेड्यात तिशीतल्या एका जमीनदाराने एवढ्याच सामानातून एक यंत्र तयार केले आणि टेकडीच्या उतारावरून ते सोडून दिले. त्याला दोरी नव्हती, इंजिन नव्हते आणि त्याचे पंखही हलत नव्हते. तरीही ते कोलमडले नाही. वाऱ्यावर अंग टाकून, संथपणे तरंगत ते खाली उतरले. रेडिओच्या लहरींवर चालणारी मॉडेल ग्लायडर टेकडीवरून उडवणाऱ्या आजच्या हौशी मंडळींना त्या यंत्राची ओळख पटायला क्षणभरही लागणार नाही. पंख, काठी, शेपटी आणि नाकाशी वजन ही त्यांच्या ग्लायडरची रचना तीच आहे. त्या जमीनदाराचे नाव सर जॉर्ज केली. राइट बंधूंच्या उड्डाणाला तेव्हा आणखी ९९ वर्षे अवकाश होता.

विमानविद्येच्या इतिहासात केली यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांना या शास्त्राचे जनकही म्हटले जाते. परंतु सर्वसामान्य वाचकाच्या मनात विमान म्हटले की राइट बंधूच उभे राहतात, आणि त्याआधीचा काळ म्हणजे अंगाला पिसे बांधून मनोऱ्यावरून उड्या मारणाऱ्या वेड्यांचा काळ, अशी समजूत असते. या दोन टोकांच्या मध्ये हा माणूस उभा आहे. त्याने मोजमापे घेतली, छोटी प्रतिकृती करून पाहिली, मग मोठी केली, आणि इंजिन मिळत नाही हे ठाऊक असूनही तब्बल पन्नास वर्षे त्या विषयाचा पिच्छा सोडला नाही.

केली यांचा जन्म २७ डिसेंबर १७७३ रोजी स्कारबरो येथे झाला. घराणे जुने, बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिरवणारे. ब्रॉम्प्टनची जमीनदारी पिढ्यानपिढ्या चालत आलेली. १७८३ मध्ये फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंच्या फुग्यातून माणसाने पहिल्यांदा आकाशात पाऊल ठेवले, तेव्हा केली नऊ वर्षांचे होते. त्या बातमीने युरोपभर जी खळबळ उडाली, तिचा परिणाम या मुलावर आयुष्यभर टिकला. पुढे त्यांना शिक्षक लाभले ते जॉर्ज वॉकर. धर्मोपदेशक असलेले वॉकर गणिताचे जाणकार होते, विचाराने स्वतंत्र होते. प्रस्थापित चर्चच्या बाहेरच्या या मंडळींकडे त्या काळी विज्ञानाचे शिक्षण विद्यापीठांपेक्षा अधिक मोकळेपणाने मिळत असे. केली यांना मिळालेली ही शिदोरी मोलाची ठरली. १७९२ मध्ये वडील वारले आणि विशी गाठण्याआधीच केली सहावे बॅरोनेट झाले. तीन वर्षांनी त्यांनी आपल्या गुरूंच्याच मुलीशी, सारा वॉकर हिच्याशी विवाह केला.

या तरुण जमीनदाराला मोजण्याचा जबरदस्त छंद होता. अंगठ्याचे नख शंभर दिवसांत किती वाढते, याची नोंद त्यांच्या वहीत सापडते. हा प्रकार हास्यास्पद वाटेल, पण त्याच सवयीने ते पुढे पक्ष्यांकडे वळले. कावळ्याच्या कुळातील रूक या पक्ष्याचे वजन किती, पंखांचे क्षेत्रफळ किती, म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस फुटावर किती भार येतो, असा हिशेब त्यांनी मांडला. पक्षी उडतो म्हणजे तो काय करतो, या प्रश्नाचे उत्तर तोवर कवी आणि तत्त्वज्ञ देत आले होते. केली यांनी ते तराजू आणि फूटपट्टीवर शोधायचे ठरवले.

१७९६ मध्ये त्यांनी एक खेळणे केले. फ्रान्समध्ये लोनुआ आणि बियँव्हेन्यू यांनी बारा वर्षांपूर्वी दाखवलेल्या खेळण्यावरून ते बेतलेले होते. दोन बुचांमध्ये पक्ष्यांची पिसे खोचायची, मधल्या दांडीला धनुकलीची दोरी गुंडाळायची आणि सोडून द्यायचे. पिसांचे दोन चक्र उलटसुलट फिरत आणि खेळणे छताकडे झेपावे. आजच्या हेलिकॉप्टरचे तत्त्व त्यात होते. पण केली त्या वाटेने पुढे गेले नाहीत. त्यांच्या डोक्यात एक वेगळीच कल्पना आकार घेत होती.

ती कल्पना समजून घेतल्याशिवाय केली यांचे मोठेपण कळत नाही. पक्ष्याचा पंख एकाच वेळी दोन कामे करतो. तो पक्ष्याला हवेत तोलून धरतो आणि पुढेही ढकलतो. हजारो वर्षे माणसाने उडण्याची स्वप्ने पाहिली ती या पंखाची नक्कल करूनच, आणि प्रत्येक वेळी तो फसला. केली यांनी ही दोन कामे वेगळी केली. तोलून धरण्याचे काम स्थिर पंखाने करावे, पुढे रेटण्याचे काम दुसऱ्या साधनाने करावे आणि दिशा सांभाळण्याचे काम शेपटीने करावे. आज विमानाकडे पाहिले की ही विभागणी इतकी उघड वाटते की यात शोध तो कसला, असा प्रश्न पडावा. १७९९ मध्ये मात्र ती कोणालाच सुचलेली नव्हती. केली यांनी ती कागदावर उतरवून थांबण्याऐवजी चांदीच्या एका छोट्या चकतीवर कोरून घेतली. चकतीच्या एका बाजूला स्थिर पंख आणि शेपटी असलेल्या यानाचे चित्र आहे, तर दुसऱ्या बाजूला तिरक्या पंखावर हवेच्या बळाची उभ्या आणि आडव्या दिशेत विभागणी कशी होते, याची आकृती आहे. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ही चकती जपून ठेवलेली आहे. मुठीत मावेल एवढ्या त्या तुकड्यावर आधुनिक विमानाची पहिली रेखाकृती आहे.

चांदीवर कोरलेली गोष्ट खरी असतेच असे नाही. ती खरी आहे की नाही, हे ठरवण्यासाठी १८०४ मध्ये त्यांनी एक फिरता दांडा उभारला. उभ्या खांबावर आडवा दांडा बसवायचा, त्याच्या एका टोकाला एक चौरस फुटाचा पृष्ठभाग ठरावीक कोनात लावायचा, आणि खांबाला गुंडाळलेल्या दोरीला वजन टांगून ते खाली सोडायचे. वजन खाली येते, दांडा गरगर फिरतो, आणि पृष्ठभागाला हवा किती उचलते हे मोजता येते. वजनाला खाली येण्यास पुरेशी उंची मिळावी म्हणून ब्रॉम्प्टन हॉलच्या, म्हणजे त्यांच्या राहत्या वाड्याच्या जिन्याचा उपयोग करण्यात आला, असे सांगतात. हे साधन त्यांचे स्वतःचे नव्हे. तोफगोळ्यांचा आणि पवनचक्क्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी ते आधी वापरले होते. उडण्याच्या प्रश्नासाठी पद्धतशीरपणे ते प्रथम वापरले केली यांनी. त्यांना असे आढळले की, पृष्ठभाग अगदी थोडा तिरका धरला तरी हवेची उचल पुस्तकी सिद्धांतात सांगितली जाते त्यापेक्षा बरीच जास्त मिळते. त्या काळच्या सिद्धांतावर विश्वास ठेवला असता, तर माणूस कधी उडणार नाही असाच निष्कर्ष निघाला असता. जिन्यातल्या त्या दांड्याने तो दरवाजा उघडा ठेवला.

आणि मग आले ते पतंगाचे यंत्र. आपल्याकडे संक्रांतीच्या सुमारास ज्याने पतंग उडवला आहे, त्याला कणीचे महत्त्व सांगायला नको. कणी बांधताना बोटभर फरक पडला, तर पतंग एक तर वर चढतच नाही किंवा गिरक्या घेत जमिनीवर आपटतो. दोरीचा ताण आणि कणीचा कोन मिळून पतंगाला वाऱ्यापुढे योग्य तिरकेपणात धरून ठेवतात. दोरीच काढून टाकली, तर पतंगाला तसा कोण धरून ठेवणार? केली यांच्यापुढचा प्रश्न नेमका हा होता. त्यांनी सुमारे १५४ चौरस इंचांचा पतंग घेतला आणि तो काठीवर असा बसवला की, त्याचा पुढचा भाग खुंटीवर टेकून काठीशी सहा अंशांचा कोन करील. काठीच्या मागच्या टोकाला अधिक चिन्हासारखी शेपटी लावली, म्हणजे एक पाते आडवे आणि एक उभे. ही शेपटी कोणत्याही दिशेला वळवता येईल अशा सांध्यावर बसवलेली होती. पुढे वजन सरकवून यंत्राचा गुरुत्वमध्य हवा तिथे आणता येत होता.

म्हणजे कणीचे काम आता शेपटीने आणि वजनाने वाटून घेतले. वजन फार मागे गेले, तर नाक वर उठते, वेग मरतो आणि यंत्र धपकन खाली येते. फार पुढे गेले, तर ते नाक खुपसून जमिनीकडे धाव घेते. या दोहोंच्या मध्ये एक जागा अशी असते की, तिथे वजन ठेवले म्हणजे यंत्र स्वतःच्याच भाराने पुढे सरकत राहते, आणि वाऱ्याच्या झुळकीने नाक वरखाली झाले तरी शेपटी त्याला पुन्हा मूळ वाटेवर आणते. ही जागा गणिताने काही प्रमाणात काढता येते. पण हाताने पुन्हा पुन्हा सोडून पाहिल्यावरच ती नक्की होते. आजही नवे मॉडेल ग्लायडर बांधणारा हौशी माणूस पहिल्या उड्डाणाआधी दोन्ही पंखांखाली बोटे धरून ते तोलून पाहतो, नाकात शिशाचा तुकडा घालतो, मऊ गवतावर हलकेच फेकून पाहतो, पुन्हा तुकडा काढतो किंवा वाढवतो. त्याच्या हातात रेडिओचा संच असतो, त्यामुळे हवेत गेल्यावरही बोटाच्या इशाऱ्याने शेपटीची पाती हलवता येतात. केली यांना शेपटीचा कोन यंत्र हातात असतानाच ठरवावा लागे. एकदा सोडल्यावर ते पूर्णपणे वाऱ्याच्या आणि स्वतःच्या समतोलाच्या स्वाधीन. त्यामुळे त्यांना मिळालेले उत्तर अधिक निखळ होते असे म्हणावे लागेल. यंत्र स्थिर होते ते रचनेमुळे, कोणी सावरून घेत होते म्हणून नव्हे.

टेकडीवरून हे चिमुकले यंत्र उतरताना पाहून केली यांना झालेला आनंद त्यांच्या वहीतून लपत नाही. अशाच घडणीचे मोठे यान आल्प्सच्या कड्यांवरून माणसाला खेचरापेक्षाही सुरक्षितपणे खाली आणील, असा विचार त्यांनी तिथेच नोंदवून ठेवला. छोट्या प्रतिकृतीत जे खरे ठरले, ते माणूस वाहणाऱ्या यानातही खरे ठरेल काय, हा प्रश्न त्या दिवसापासून त्यांच्या पाठीमागे लागला.

पुढील चार-पाच वर्षांत त्यांनी यंत्र वाढवत नेले. अखेरीस ३०० चौरस फूट पृष्ठभागाचे एक ग्लायडर तयार झाले. मोकळे सोडले की शेपटी ज्या दिशेला वळवलेली असे, त्या दिशेने ते उतारावरून तरंगत जाई. कोणी ते धरून मंद वाऱ्याच्या विरोधात जोराने धावू लागले, तर पाय जमिनीला जेमतेम टेकत. कधी कधी ते त्या माणसाला उचलून काही यार्ड अंतरावर नेऊन ठेवी. पुढे रेटणारे साधन त्याला जोडून पाहण्याआधीच ते अपघाताने मोडले.

या सगळ्या प्रयोगांचे सार केली यांनी १८०९ आणि १८१० मध्ये निकल्सन यांच्या विज्ञान नियतकालिकात तीन भागांत प्रसिद्ध केले. निमित्त घडले ते व्हिएन्नाच्या जेकब डेगेन या घड्याळजीच्या उड्डाणाच्या बातमीचे. पंख फडफडवून डेगेन वर चढला, अशी ती बातमी होती. त्याला वर उचलण्यास फुग्याची मदत होती, ही गोष्ट बातमीत आलीच नव्हती. अर्धवट बातमीने एक चांगले काम केले, ते असे. आपल्याआधी कोणी बाजी मारील या भावनेने म्हणा किंवा विषयाला आता चालना मिळाली आहे या समाधानाने म्हणा, केली यांनी वहीतले ज्ञान जगापुढे ठेवले. पंखाला किंचित बाक असल्यास उचल वाढते, दोन्ही पंख टोकांशी थोडे वर उचलले म्हणजे यान बाजूला कलंडत नाही, हवेचा विरोध कमी करायचा असेल तर यानाच्या पुढच्या आकाराइतकेच मागच्या निमुळतेपणालाही महत्त्व आहे, अशा गोष्टी त्या लेखांत आहेत. निमुळत्या आकाराचा धडा त्यांनी ट्राउट माशाच्या अंगाची ठिकठिकाणी मोजमापे घेऊन गिरवला होता. विमानशास्त्राचा विद्यार्थी आजही पहिल्या वर्षी जे शिकतो, त्यातील बराच भाग त्या जुन्या पानांत सापडतो.

मग विमान का झाले नाही? उत्तर एका शब्दात देता येते. इंजिन. स्थिर पंख तोलून धरतो खरा, पण तो पुढे सरकत असेल तरच. टेकडीवरून उतरताना हे काम पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण करते. सपाटीवरून वर चढायचे, तर रेटा देणारे यंत्र हवे, आणि त्या काळचे वाफेचे इंजिन म्हणजे विटांच्या भट्टीवर बसवलेले लोखंडाचे धूड. केली यांनी बाष्पक हलका करण्याचे उपाय सुचवले, तापवलेल्या हवेवर चालणाऱ्या इंजिनाची रचना १८०७ मध्ये प्रसिद्ध केली, बंदुकीच्या दारूच्या स्फोटावर चालणाऱ्या इंजिनाचीही आखणी केली. यापैकी एकही विमानाला पुरेल इतके हलके आणि ताकदवान ठरले नाही. यानाच्या चाकांचे वजन घटवण्यासाठी त्यांनी १८०८ मध्ये जी युक्ती काढली, ती मात्र घरोघर पोहोचली. जाड लाकडी आऱ्यांवर भार पेलण्याऐवजी ताणलेल्या बारीक तारांवर चाकाची धाव टांगून ठेवायची, ही ती युक्ती. सायकलचे चाक याच तत्त्वावर चालते. ते विमानाच्या शोधातून निघाले, हे सायकलस्वारांच्या सहसा गावीही नसते.

बाकीचे आयुष्य एका मोठ्या जमीनदाराचे आणि सार्वजनिक कार्यकर्त्याचे होते. पुराचे पाणी समुद्राकडे वळवून हजारो एकर जमीन लागवडीखाली आणण्याच्या योजनेत त्यांचा पुढाकार होता. १८२५ मध्ये त्यांनी स्वतःचाच रूळ अंथरत जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. आजच्या पट्ट्यावर चालणाऱ्या ट्रॅक्टरची ती पूर्वज होय. १८३२ ते १८३५ या काळात ते स्कारबरोचे संसद सदस्य होते. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८३८ मध्ये उघडलेल्या पॉलिटेक्निक संस्थेचे ते पहिले अध्यक्ष. या यादीत भर घालता येईल, पण तिचा उपयोग एवढाच की, उड्डाणाच्या नादी लागलेला हा माणूस चक्रम नव्हता. समाजात त्याचा शब्द वजनदार होता. आणि तरीही उड्डाणासाठी एखादी विद्वत्सभा स्थापन करावी म्हणून त्यांनी केलेल्या आवाहनांना प्रतिसाद मिळाला नाही. उडण्याची गोष्ट काढली की लोकांच्या ओठांवर हसू फुटे, याची त्यांना पुरेपूर जाणीव होती.

१८४० च्या दशकात या विषयाला अचानक प्रसिद्धी मिळाली, तीही भलत्याच मार्गाने. विल्यम हेन्सन यांनी वाफेवर उडणाऱ्या प्रचंड विमानाची योजना जाहीर केली. ते पिरॅमिडवरून, शहरांवरून उडत असल्याची चित्रे छापली गेली. प्रत्यक्षात ते कधीच बांधले गेले नाही. सत्तरी गाठत आलेल्या केली यांनी १८४३ मध्ये त्यावर लिहिताना एक नेमका दोष दाखवला. इतका लांबलचक एकच पंख मजबूत करायचा, तर त्याचे वजन आवाक्याबाहेर जाईल. त्याऐवजी पंखांचे दोन-तीन मजले एकावर एक रचावेत. पहिल्या महायुद्धापर्यंतची बहुतेक विमाने दुमजली पंखांची होती, हे लक्षात घेतले म्हणजे या टीकेचे मोल कळते.

ही टीका करून ते थांबले नाहीत. आपल्या वाड्यालगतच्या कारखान्यात त्यांनी पुन्हा हत्यारे हाती घेतली. १८४९ मध्ये तीन मजली पंखांचे ग्लायडर तयार झाले. खाली नावेसारखी बैठक, तिला चाके, मागे शेपटी. प्रथम त्यात वजने ठेवून ते उडवले. नंतर त्यात सुमारे दहा वर्षांचा एक मुलगा बसवण्यात आला. उतारावरून येताना ते यान मुलासह जमिनीपासून सुटले आणि काही यार्ड तरंगत गेले. मग काही माणसांनी दोर लावून मंद वाऱ्याच्या विरोधात ते ओढले, तेव्हाही तेवढेच अंतर मुलगा हवेत राहिला. हवेपेक्षा जड यानात बसून जमीन सोडणारा इतिहासातील पहिला माणूस म्हणून या मुलाचा उल्लेख करावा लागतो. केली यांनी त्याचे वय लिहून ठेवले आहे, नाव नाही.

या नोंदीपाशी आजचा वाचक अडखळल्याशिवाय राहणार नाही. पंखाच्या कोनाचा अंश आणि शेपटीचा इंच लिहून ठेवणाऱ्या माणसाला मुलाचे नाव लिहावेसे वाटले नाही. तो काळच तसा होता, हे खरे. गिरण्यांत आणि खाणींत दहा वर्षांची मुले राबत होती, आणि जमीनदाराच्या शब्दाला खेड्यात नकार नव्हता. केली हे उदार मनाचे जमीनदार होते. आपल्या एका कुळाच्या मुलाचा हात गेला, तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी कृत्रिम हात तयार केला होता. तरीही प्रयोगातील धोका कोणाच्या वाट्याला आला आणि कीर्ती कोणाच्या, हा प्रश्न उरतोच.

१८५२ मध्ये त्यांनी आपल्या नव्या ग्लायडरची रचना मेकॅनिक्स मॅगझिनमध्ये सविस्तर प्रसिद्ध केली. या यानात एकच मोठा पंख होता. समतोल एकदा साधला की हात न लावता तो टिकवणारी एक शेपटी होती आणि आत बसलेल्या माणसाने दिशा देण्यासाठी वेगळे सुकाणू होते. १८०४ च्या पतंगाचेच हे थोरले भावंड. फरक एवढा की, आता कोन बदलण्याचे काम हवेत असतानाही करता येणार होते.

त्यानंतर १८५३ च्या सुमारास ब्रॉम्प्टनच्या दरीत जे घडले, त्याची हकीगत केली यांच्या नातीच्या आठवणीतून आपल्यापर्यंत आली आहे. ती तेव्हा लहान होती आणि तिने ही आठवण सांगितली ती म्हातारपणी, विसाव्या शतकात. दरीच्या एका काठावर यान आणले गेले. आत बसवण्यात आला केली यांचा गाडीवान. माणसांनी ते उतारावर ढकलले, ते सुटले, दरीवरून तरंगत पलीकडे गेले आणि आदळत जमिनीवर टेकले. गाडीवान धडपडत बाहेर आला आणि त्याने तिथल्या तिथे नोकरी सोडत असल्याचे धन्याला सांगून टाकले. आपल्याला गाडी हाकण्यासाठी ठेवले आहे, उडण्यासाठी नव्हे, अशी त्याची तक्रार होती. ही गोष्ट इंग्लंडमध्ये विनोद म्हणून सांगितली जाते. ती सांगताना लोक हसतात ते त्याच्या भित्रेपणाला. पण ८० वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्या धन्याच्या हुकमावरून, जगात कोणीही न केलेली गोष्ट करून जिवंत परतलेल्या माणसाला भित्रा कसे म्हणावे? त्याचेही नाव कोणत्याही समकालीन नोंदीत नाही. नंतरच्या अभ्यासकांनी खेड्याच्या कागदपत्रांतून एक-दोन नावे पुढे आणली, पण कोणतेही निर्विवाद ठरले नाही.

केली यांच्यावरही टीका करायची, तर ती दुसऱ्या एका कारणाने करता येईल. पंखाची दोन कामे वेगळी करणारा हा माणूस स्वतः मात्र फडफडत्या पंखांचा मोह पुरता सोडू शकला नाही. रेटा देण्यासाठी त्यांच्या मोठ्या यानांत हाताने चालवायची वल्ह्यांसारखी पाती होती, आणि माणसाच्या स्नायूंचे बळ त्यांना कधीच पुरे पडणारे नव्हते. फिरत्या पंख्याचे खेळणे त्यांनी विशीतच हाताळले होते. तो पंखा आडवा करून ग्लायडरला बसवण्याचे काम दुसऱ्यांच्या वाट्याला आले. १८७१ मध्ये आल्फोन्स पेनो या तरुण फ्रेंच अभियंत्याने पॅरिसच्या त्युलेरी बागेत पीळ दिलेल्या रबरावर फिरणाऱ्या पंख्याचे मॉडेल विमान उडवून दाखवले. तेही ११ सेकंदांत ४० मीटर अंतर कापून गेले. छोट्या प्रतिकृतीने मोठ्या विमानाचा मार्ग दाखवण्याची परंपरा अशी पुढे चालू राहिली.

१५ डिसेंबर १८५७ रोजी, ८४ वा वाढदिवस बारा दिवसांवर असताना, केली यांचे ब्रॉम्प्टन येथे निधन झाले. ज्या विद्वत्सभेसाठी ते धडपडले, ती नऊ वर्षांनी, १८६६ मध्ये, लंडनमध्ये स्थापन झाली. तिने पुढे त्यांचे जुने लेख पुनर्मुद्रित केले. विल्बर राइट यांनी १९०९ मध्ये या इंग्रज पूर्वसूरीचे ऋण जाहीरपणे मान्य केले. केली यांच्या हस्तलिखित वहीला मात्र प्रकाश दिसला तो १९३३ मध्ये. तोवर जगभर विमाने उडू लागली होती. त्या वहीतील पतंगाच्या यंत्राचे रेखाटन पाहून अभ्यासकांना कळले की, आपण जे इतक्या कष्टाने नव्याने शोधले, ते एका खेड्यातील टेकडीवर सव्वाशे वर्षांपूर्वी उडून गेले होते.

गाडीवानाच्या यानाबद्दल शंका घेणारे तरीही होते. म्हाताऱ्या नातीच्या आठवणीवर किती विसंबायचे, असा त्यांचा सवाल असे. १९७३ मध्ये त्या यानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती बांधण्यात आली आणि डेरेक पिगॉट या अनुभवी ग्लायडर वैमानिकाने ब्रॉम्प्टनच्या त्याच दरीत ती उडवून दाखवली. २००३ मध्ये उड्डाणाला दीडशे वर्षे झाली, तेव्हा दुसरी एक प्रतिकृती तिथे नेण्यात आली. या खेपेस आत बसले होते उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन.